भाव पाहावा फिरून

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं ज्यांनी सांगून ठेवलं त्यांच्या काळी पेट्रोलपंप नव्हते. असते तर यादीत तिसरी गोष्ट नक्की आली असती. घर एकदा बांधून होतं, लग्नही बहुतेकांचं एकदाच होतं. पेट्रोलचा भाव मात्र रोज बघता येतो, आणि तो बघण्याच्या नादात घराकडचं नि लग्नाकडचं दुर्लक्ष सहज झाकून जातं. ही विद्या शिकू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी चार गोष्टी इथे लिहून ठेवतो. माझी पात्रता एवढीच की मी सावंतवाडीला राहतो, गोव्याची हद्द माझ्या दारापासून अर्ध्या तासावर आहे, आणि आमच्या आळीत भाई राहतात.

भाई एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. डिझेलचं नुसतं नाव काढलं तरी त्यांची बोटं काळी दिसायला लागतात. त्यांच्याकडे एक लांबट वही आहे, दुधाच्या हिशेबाला वापरतात तसली. तिच्यात तारीख, पंप, पेट्रोल, डिझेल असे चार रकाने आहेत. भाईंकडे डिझेलची गाडी नाही, कधीच नव्हती. पण रकाना रिकामा ठेवणं त्यांच्या स्वभावात नाही.

आधी साहित्य

एक दुचाकी, एक मोबाइल, आणि अर्धी टाकी. यातली अर्धी टाकी सगळ्यात महत्त्वाची. गाडी रिझर्व्हला लागल्यावर भाव बघायला निघणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. तेव्हा समोर येईल तो पंप आपला आणि तो सांगेल तो भाव आपला. अर्धी टाकी असली की माणूस पंपासमोरून मान ताठ ठेवून, फक्त बोर्डाकडे तिरपा कटाक्ष टाकून पुढे जाऊ शकतो. ही चाल जमायला सहा महिने लागतात.

त्याशिवाय आपल्या गाडीचा ॲव्हरेज ठाऊक हवा. कंपनीने जाहिरातीत सांगितलेला नव्हे, आणि आपण मेव्हण्याला सांगतो तोही नव्हे. टाकी फुल करायची, नोझल आपोआप ‘कट’ झालं की थांबायचं, किलोमीटर लिहून ठेवायचे, पुढच्या वेळी पुन्हा फुल करायची आणि मधल्या किलोमीटरना आता भरलेल्या लिटरनी भागायचं. आलेल्या आकड्याने बहुतेकांना धक्का बसतो आणि ते पुन्हा मेव्हण्याला सांगायच्या आकड्याकडे वळतात. त्यांनी पुढचं वाचू नये.

वेळ कोणती

16 जून 2017 पासून देशभर पेट्रोल-डिझेलचे भाव रोज सकाळी सहाला बदलायला लागले. त्याआधी ते पंधरवड्याला बदलत, आणि तेही मध्यरात्री. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना या विद्येचं सुवर्णयुग काय होतं ते सांगायला नको. संध्याकाळी टीव्हीच्या तळाशी पट्टी सरकायची, ‘आज मध्यरात्रीपासून’ एवढे दोन शब्द दिसले की बाप्ये हातातला घास ताटात ठेवून उठायचे. साडेनऊला पंपावरची रांग रस्त्यावर यायची. बनियनवर आलेले, पोराला मागे बसवून आलेले, शेजाऱ्याची गाडीही ढकलत आणलेले. तीन लिटरमागे सहा रुपये वाचवायला दीड तास उभं राहायचं, आणि रांग पुढे सरकेल म्हणून कुणी इंजिन बंद करायचं नाही. कधीकधी ऐन दहाला दोरी आडवी बांधून ‘स्टॉक नाही’ची पाटी लागायची. तो स्टॉक रात्री बारा वाजून गेले की कुठून यायचा, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

रोजच्या बदलाने ही मजा घालवली. चाळीस पैशांसाठी कोण ताटावरून उठणार? अपवाद 2022 च्या मार्च-एप्रिलचा. 22 मार्च ते 6 एप्रिल या सोळा दिवसांत चौदा वेळा भाव चढले, मिळून लिटरला दहा रुपये. भाई तेव्हा रोज पहाटे स्टँडपर्यंत चालत जात आणि सूतक सांगावं तशा आवाजात आकडा सांगत परत येत. त्यांची तब्येत इतकी छान पुन्हा कधी राहिली नाही. मग कंपन्या गप्प झाल्या. मे महिन्यात केंद्राने उत्पादन शुल्क उतरवलं, पेट्रोलवर आठ रुपये आणि डिझेलवर सहा. जुलैत राज्याने आपल्या वाट्याचे पाच आणि तीन उतरवले. त्यानंतर थेट मार्च 2024 मध्ये, लोकसभेच्या तोंडावर, दोन रुपये. मधले वीस महिने वहीत नुसते पैसे खालीवर झाले, रुपया हललाच नाही. भाईंनी त्या काळात टोमॅटोचे भाव लिहून पाहिले, पण मन रमलं नाही.

वेळेबद्दल आणखी एक. ‘पेट्रोल पहाटे भरावं, थंडीत ते घट्ट असतं, जास्त मिळतं’ असं तुम्हाला कुणीतरी कानात सांगेल. शास्त्र खरं आहे: पेट्रोल तापलं की फुगतं, एका अंशाला साधारण हजारात एक भाग. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिला पहाट झाल्याचं कळत नाही. समजा दोन अंशांचा फरक पडलाच, तरी पाच लिटरमागे दहा मिली, म्हणजे दोन चमचे. त्यासाठी साखरझोप मोडायची की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. भाई मोडतात, पण त्यांना तशीही झोप नसते.

बोर्ड वाचणे

बोर्डावर पहिला आकडा दिसला की लगेच तुलना करू नका. ‘साधं’ आणि ‘पॉवर’ यांची गल्लत ही नवशिक्याची पहिली चूक. इंडियन ऑइलचं एक्सपी 95, भारतचं स्पीड, हिंदुस्थानचं पॉवर ही सगळी महाग पेट्रोलं. तुमच्या दहा वर्षांच्या स्कूटरला त्यांचा उपयोग माझ्या मते म्हातारीला बदाम दूध घालण्याइतकाच. पंपावरचा पोरगा ‘साधं की पॉवर?’ असं विचारतो तेव्हा त्याचा सूर असा असतो की ‘साधं’ म्हणताना आपण खानावळीत अर्धी थाळी मागतोय असं वाटावं. घाबरू नये. मोठ्याने ‘साधं’ म्हणावं.

आता साध्याला साधं लावून बघितलं तर काय दिसतं? तीन सरकारी कंपन्यांचे एकाच गावातले भाव दहा-वीस पैशांच्या आतबाहेर असतात. आमच्याकडे स्टँडजवळचा पंप आणि महामार्गावरचा पंप यांत बहुतेक दिवस चौदा पैशांचं अंतर असतं. हा भाव पंपमालक ठरवत नाही, कंपनी ठरवते. मालकाला लिटरमागे ठरलेलं कमिशन. म्हणून ‘थोडं कमी करा की’ अशी भाजीवालीकडची भाषा इथे चालत नाही. भाईंनी एकदा चालवून पाहिली. तो पोरगा अजून भाईंना बघितलं की आत जाऊन मॅनेजरला बोलावतो. खाजगी पंपांची गोष्ट वेगळी. शेल बहुधा चढा असतो. नायरा आणि जिओ-बीपी यांनी 2023 मध्ये रुपयाभर स्वस्त देऊन पाहिलं. पण असा पंप तुमच्या रस्त्यावर हवा, रस्ता त्याच्याकडे वळवून उपयोग नाही.

चौदा पैसे येतात कुठून? टँकरच्या भाड्यातून. कंपनीचा डेपो जितका लांब तितका भाव चढा. या एका वाक्याचा अर्थ पुरता समजून घ्यायचा असेल तर परभणीला जावं. मुंबईहून मनमाडजवळच्या पानेवाडीला पेट्रोल नळातून येतं, पण तिथून परभणी तीनशे किलोमीटरच्या घरात, आणि ते अंतर टँकरने. राज्यात सगळ्यात महाग पेट्रोल कुठे, हा प्रश्न निघाला की वर्षानुवर्षं परभणीचं नाव येतं. त्यात आणखी एक मेख आहे. महाराष्ट्राचा व्हॅट टक्क्यांत मोजतात: जुलै 2024 पासून पेट्रोलवर 25 टक्के आणि वर लिटरला पाच रुपये बारा पैसे, डिझेलवर 21 टक्के. टक्का लागतो तो भाडं धरून झालेल्या किमतीवर. म्हणजे परभणीकर टँकरचं भाडं भरतो, आणि भाड्यावरचा करही भरतो. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत टक्का आधी जास्त होता, तो त्या जुलैत उर्वरित राज्याइतका केला. परभणीचं अंतर कुणी कमी केलं नाही. परभणीच्या माणसापुढे चौदा पैशांची तक्रार करू नये, हा या विद्येतला शिष्टाचार समजावा.

चौदा पैशांचा हिशेब मी एकदा करून पाहिला आहे. दोनशेचं पेट्रोल म्हणजे दोन लिटरला थोडं कमी. वाचले सव्वीस पैसे. पावली 30 जून 2011 नंतर चलनातून गेली, त्यामुळे ही बचत खिशात टाकायची तर सरकारकडे नाणंच उरलेलं नाही. ती मनातच ठेवावी लागते.

सीमा

आता खरा विषय. गावातली तुलना ही तालीम, मैदान सीमेवर. जीएसटी आला तेव्हा पेट्रोल-डिझेल त्याच्या बाहेर राहिलं, त्यामुळे प्रत्येक राज्य आपापला कर लावतं आणि सीमा ओलांडली की बोर्डावरचा आकडा उडी मारतो. पालघरचा माणूस गुजरातकडे बघतो, कोल्हापूरचा कागल ओलांडून निपाणीकडे, आणि आम्ही बांद्यापुढे पत्रादेवीकडे.

गोव्याची ही ओढ जुनी. 2012 साली मनोहर पर्रीकरांच्या सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला आणि लिटरमागे अकरा रुपयांच्या आसपास भाव खाली आला. त्या वर्षी आमच्या भागात सोयरीक जुळवतानासुद्धा लोक गोव्याकडची स्थळं आधी बघत, असं भाई सांगतात. त्यातला अर्धा भाग सोडून द्यावा. पुढे तो कर हळूहळू परत चढला, जून 2024 मध्ये पेट्रोल आणखी रुपयाने वाढलं. तरी त्या सुमाराला आमच्यात नि त्यांच्यात लिटरला आठ-नऊ रुपयांचं अंतर उरलंच होतं. डिझेलचं अंतर याच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे ट्रकवाल्यांपेक्षा स्कूटरवालेच सीमेकडे जास्त ओढले जातात, आणि नेमके त्यांनीच जाऊ नये.

का, ते सांगतो. कागद घ्या. माझ्या घरून हद्दीपलीकडचा पंप जाऊन-येऊन पस्तीस किलोमीटर धरा. स्कूटरचा खरा ॲव्हरेज पंचेचाळीस. म्हणजे पाऊण लिटरहून थोडं जास्त पेट्रोल नुसतं जाण्यायेण्यात जळतं, गोव्याच्या भावाने पंचाहत्तर रुपयांचं. स्कूटरच्या टाकीत फार तर साडेचार लिटर मावणार; लिटरला साडेआठ रुपयांनी वाचले अडतीस. पंचाहत्तर घालवून अडतीस मिळवायचे, आणि येताना बांद्याच्या अलीकडे पावसाने गाठायचं. मी हे भाईंना मांडून दाखवलं. त्यांनी कागद नीट वाचला, घडी केली, वहीत ठेवला आणि म्हणाले, “पण पेट्रोल गोंयचा मिळता ना?”

चारचाकीचं गणित जरा बरं. पस्तीस लिटर भरलं तर तीनशेला दोन-अडीच रुपये कमी वाचतात; पंधराच्या ॲव्हरेजने जाण्यायेण्यात सव्वादोनशे जळतात. उरले बहात्तर. बहात्तर रुपये हातात घेऊन पेडण्याच्या बाजूला उभा राहिलेला माणूस मिरची भजी आणि चहा घेतल्याशिवाय परत फिरलेला मी पाहिलेला नाही. आणि गोव्यात टाकीत भरायच्याच वस्तू स्वस्त आहेत असं नाही. बाटलीत भरलेल्याही आहेत. येताना इन्सुलीला तपासणी नाका लागतो. तिथे डिकी उघडायला सांगितल्यावर “पेट्रोल घालूक गेललंय, सायबा” हे उत्तर इतक्या लोकांनी देऊन झालंय की नाक्यावरची माणसं आता ते ऐकून डिकीत जास्तच वाकून बघतात.

तेव्हा नियम असा: पेट्रोलसाठी सीमेवर जाऊ नये, कामाने गेलात तर भरून यावं. नियम पाळायला सोपा आहे, फक्त काम शोधावं लागतं. भाईंना अलीकडे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराची विलक्षण ओढ लागली आहे. दर पंधरा दिवसांनी ते केळी आणायला म्हापशाला जातात. आमच्या आळीत प्रत्येकाच्या परसात केळी आहेत.

कोल्हापूरकरांसाठी सावधगिरीचा एक शब्द. सीमेपलीकडचा फायदा कुणी लिहून दिलेला नसतो. कर्नाटकने जून 2024 मध्ये कर वाढवून पेट्रोल-डिझेल तीन-तीन रुपयांनी चढवलं, आणि 1 एप्रिल 2025 ला डिझेलवर आणखी दोन रुपये घातले. पलीकडच्या डिझेलची बरीचशी गोडी त्यात गेली. सवयीने कागल ओलांडणारे मात्र तसेच ओलांडतात. सवयीवर अजून कुठल्याच राज्याने व्हॅट लावलेला नाही.

प्लास्टिकच्या कॅनमधून चोरून जास्तीचं पेट्रोल आणणं हा या विद्येचा भाग नाही. तो पेटण्याचा भाग आहे. पुढे जाऊ.

माप

इथवर आलेला विद्यार्थी बोर्ड वाचतो, हिशेब करतो, सीमेचं भान ठेवतो, आणि तरीही त्याला कुणी सांगितलेलं नसतं की बोर्डावर ‘एका लिटरचा’ भाव लिहिलेला असतो. लिटर किती, हा प्रश्न बोर्डापाशी संपत नाही, नोझलपाशी सुरू होतो.

प्रत्येक पंपावर पाच लिटरचं एक माप असतं, वैधमापनवाल्यांचा शिक्का मारलेलं. गिऱ्हाइकाने मागितलं तर त्यात पाच लिटर भरून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे पंचवीस मिली इकडेतिकडे चालतं. पंचवीस मिली म्हणजे एकशे पाचच्या भावाने अडीच रुपयांहून जास्त, लिटरला बावन्न पैसे. आता परत मागे जा आणि ते चौदा पैसे बघा, ज्यांच्यासाठी आपण महामार्गाचा वळसा टाळून स्टँडकडून आलो. कायद्याने माफ असलेली चूकच त्याच्या पावणेचारपट आहे. आणि हे झालं सरळ पंपांचं. 2017 मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यातल्या पंपांवर छापे घालून यंत्रांत बसवलेल्या चिपा पकडल्या, त्यांना तर पंचवीस मिलीची मर्यादा ठाऊकच नव्हती.

म्हणून बोर्डाकडे बघायला जेवढा वेळ देता तेवढा मीटरकडे द्या. ‘झिरो बघा साहेब’ असं पोरगा म्हणेल आणि नेमक्या त्याच क्षणी दुसरा येऊन ‘कार्ड की कॅश?’ विचारेल. मान वळवायची नाही. मी एकदा वळवली. परत बघितलं तेव्हा मीटर ऐंशी रुपयांवर धावत होतं, आणि ते शून्यावरून निघालं की आधीच्या माणसाच्या पन्नासावरून, हे ठरवायला माझ्याकडे काही पुरावा नव्हता. पंपाचं नाव सांगत नाही. तिथून जाताना मी अजून मान वळवत नाही. ‘शंभर-दोनशेचं भरू नये, आकडा सेट केलेला असतो, एकशे दहाचं भरावं’ असाही एक पंथ आहे. यंत्रात फसवायचं ज्याने ठरवलंय तो एकशे दहालाही फसवेल, एवढंच मला कळतं. पण पंथ मोठा आहे आणि पंपावर सुट्ट्या दहाच्या नोटा त्यांच्यामुळेच मिळतात.

नोझल बाहेर काढताना पाइप उंच धरून शेवटचा घोट टाकीत सोडवून घेणं, फुल केल्यावर गाडी दोन्ही बाजूंना हलवून आणखी शंभर मिलीची जागा करणं, हे प्रकार प्रात्यक्षिकात येतात. लिहून शिकवता येत नाहीत.

प्रात्यक्षिक

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला मी धीर करून महामार्गावरच्या पंपावर माप मागितलं. भाई सोबत होते. त्यांच्याशिवाय हिंमत झाली नसती. पोरगा आत गेला, मॅनेजर बाहेर आला, भाईंना बघून पुन्हा आत गेला आणि माप घेऊन आला. मापाला निमुळती मान होती आणि मानेवर रेघ. ते त्याने फडक्याने पुसलं, आतून कोरडं करून दाखवलं. सपाट जागेवर ठेवलं. नोझल आत सोडलं. पाच लिटर भरेपर्यंत आमच्यामागे सात गाड्या झाल्या, त्यातल्या रिक्षावाल्याने हॉर्न न वाजवता नुसतं इंजिन दोनदा गुरगुरवलं. फेस बसला. भाई गुडघ्यावर हात ठेवून वाकले, डोळा रेघेच्या पातळीला आणला, चष्मा काढला, परत लावला.

पेट्रोल बरोब्बर रेघेवर होतं.

“आता हे पाच लिटर घालू?” मॅनेजरने विचारलं. माझ्या गाडीत, या विद्येच्या पहिल्या नियमाप्रमाणे, आधीच अर्धी टाकी होती. पाच लिटर मावणार नव्हते. मी तसं सांगितल्यावर त्याने माप उचललं, आणि मागच्या सातही गाड्यांच्या देखत ते पुन्हा जमिनीखालच्या टाकीत ओतायला घेऊन गेला. ओतून आला. नोझल हातात घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

“किती?”

“दोनशेचं,” मी म्हणालो. “साधं.”

झिरो बघितलं. मान वळवली नाही. पैसे दिले, झाकण लावलं, रिक्षावाल्याला वाट करून दिली. भाई रस्त्याच्या कडेला वही उघडून उभे होते.

“कितीक पडला?”

“एकशे पाच एकोणनव्वद.”

भाईंनी आकडा रकान्यात लिहिला, वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि हळहळत म्हणाले, “थंय स्टँडार पंच्याहत्तर होता रे.”

मी काट्याकडे बघितलं. टाकीत अजून थोडी जागा होती.